आप्त वगळून

आबांच्या पहिल्या पुण्यस्मरणाचा मांडव बोरीच्या विहारासमोर शनिवारीच पडला होता. रविवारी सकाळी त्यावर फ्लेक्स चढला. डाव्या कोपऱ्यात आबा, म्हणजे कालकथित सटवाजी धबाले, पांढऱ्या फेट्यात. उजव्या कोपऱ्यात त्यांचे दोन चिरंजीव: थोरले रंगनाथ गुरुजी आणि धाकटे नागेशराव. मधोमध गजांतून बाहेर आलेले दोन हात. हे हात जिंतूरच्या फ्लेक्सवाल्याने इंटरनेटवरून काढले होते. ते गोरे होते आणि त्यांची नखे नीट कापलेली होती. खाली मोठ्या अक्षरांत लिहिले होते: ‘तुरुंग रिकामे करा! जामीन हक्क परिषद, बोरी.’

फ्लेक्सवर सुगत नव्हता. सुगत हा मधला भाऊ सिद्धोधन याचा मुलगा. सिद्धोधन गेल्यावर आबांनी त्याला वाढवला, टेंपो घेऊन दिला. धबाल्यांच्या घरात या घडीला प्रत्यक्ष तुरुंगात असलेला तो एकटाच माणूस होता, आणि फ्लेक्सवर त्याचा फोटो टाकण्याचा विषय नागेशरावांनी ‘कार्यक्रमाला वैयक्तिक वळण लागेल’ या एका वाक्यात संपवला होता.

आबांनी स्वतः तुरुंग पाहिला होता. भूमिहीनांच्या सत्याग्रहात ते गेले तेव्हा जेल आधीच भरलेले होते, आणि जमादाराने त्यांना दारातून परत जायला सांगितले होते. आत घ्या म्हणून आबा दारात बसून राहिले. ही गोष्ट ते मरेपर्यंत सांगत आणि दर वेळी जमादाराचे हात जोडणे थोडे वाढत जाई. त्यातून पुढे गायरानाचा जो तुकडा नावावर झाला, तो बोरी फाट्याजवळ अजून आहे. आजच्या दिवसाची सगळी गुंतागुंत त्या तुकड्याची होती.

धम्मशीला सकाळी जिंतूरहून स्कूटीवर आली ती काळ्या कोटातच. नागेशरावांची ही मुलगी जिंतूरला वकिली करते. परिषद, समिती, घोषणा हे सगळे तिच्यामुळे उभे राहिले होते, जरी फ्लेक्सवर तिचे नाव ‘निमंत्रक’ म्हणून सर्वांत खाली आणि बारीक होते. दोन वर्षांपूर्वी तिच्या लक्षात आले की जेलमध्ये कितीतरी माणसे अशी आहेत ज्यांना कोर्टाने जामीन केव्हाच मंजूर केला आहे, पण जामीनदार मिळत नाही म्हणून ती आतच आहेत. जामीनदार म्हणजे सातबाऱ्यावर नाव असलेला एक माणूस. त्याने कोर्टात उभे राहायचे, सही करायची आणि म्हणायचे, हा तारखेला येईल, माझी हमी. एवढ्यासाठी माणसे महिनोन् महिने आत.

मग वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, विहारांमध्ये संध्याकाळचे ग्रंथवाचन संपले की ती उठून उभी राही आणि विचारी, “कुणाच्या नावावर शेत हाय? हात वर करा.” हात वर झाले की दुसऱ्या दिवशी जीप. अशाने बरीच माणसे घरी आली. मग एका गावच्या सभासदांनी फक्त आपले जावई आणि मेहुणे सोडवून आणले, आणि ज्यांना कुणीच नव्हते ते तिथेच राहिले. म्हणून धम्मशीलाने समितीच्या बैठकीत चौथा ठराव मांडला: सभासदाने आपल्या आप्ताला जामीन राहू नये, परक्यालाच राहावे. टाळ्या पडल्या. गुरुजी अध्यक्ष होते. त्यांनी या ठरावाला ‘करुणेचे लोकशाहीकरण’ म्हटले होते.

महिन्याभराने सुगतला अटक झाली.

“मोठे बाबा, पप्पा, पाच मिनिटं इकडं या,” धम्मशीला म्हणाली.

गुरुजी मांडवामागे भाषण घोकत होते. नागेशराव जीपवाल्याशी फोनवर बोलत होते. दोघे आले.

“उद्याचा एकच दिवस हाय. परवापासून कोर्टाला दिवाळीची सुट्टी. उद्या जामीनदार उभा न्हाई केला तर सुगत दिवाळीभर आतच.”

“आपण कुठं दिवाळी करतो?” नागेशराव म्हणाले.

“आपण न्हाई करत पप्पा. कोर्ट करतं.”

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. पस्तीस वर्षे शाळेत काढलेला माणूस, उत्तर नसले की चष्मा पुसे. “शीला, ठराव कुणी लिहिला?”

“मी.”

“मग? अध्यक्षानंच मोडायचा? उद्या गावोगावचे लोक म्हणतील, धबाल्यांनी समिती काढली ती आपला पोरगा सोडवायला.”

“समितीचा ठराव कोर्टाला माहीतसुद्धा न्हाई. तुमी उभे राहा, साहेब सही घेतील. मी वकील हाय, मला माझ्याच अशिलाला जामीन राहता येत न्हाई, न्हाईतर तुमच्यापुढं आले नसते.”

“कायदा येगळा, नैतिकता येगळी.”

“मग ठराव बदलू.”

“सर्वसाधारण सभा लागते. सभेला आठ दिवसांची नोटीस,” नागेशराव म्हणाले. ते कोषागारात हेड क्लार्क म्हणून निवृत्त झाले होते आणि एखादी गोष्ट कशी होणार नाही हे त्यांना फार लवकर दिसे.

“मग गावातलं दुसरं कुणी? परक्यांना कुणाची मनाई न्हाई.”

“विचारलं की! सगळे म्हणायलेत, घरचेच मागं सरकलेत म्हणल्यावर पोरगं काहीतरी असंलच.”

आपण बांधलेल्या दारात आपलेच बोट सापडावे तसे धम्मशीलाचे झाले.

“आणि केस बघ कसली,” गुरुजी आवाज उतरवून म्हणाले. “आंदोलनाची असती तर मी सगळ्यांच्या आधी उभा राहिलो असतो. आबा गेले जमिनीसाठी. हा गेला पाण्याच्या मोटारींसाठी! व्यासपीठावरून सांगू काय मी?”

“मोटारी त्यानं चोरल्या न्हाईत. कुणीतरी म्हणलं टेंपोत भर, त्यानं भरल्या. पावती विचारायला तो काय हेडमास्तर हाय?”

“त्ये कोर्ट बघंल.”

“कोर्टानं बघितलं म्हणूनच जामीन दिला ना मोठे बाबा!”

नागेशरावांनी इकडेतिकडे पाहून मुद्द्याला हात घातला. “बाळा, खरी अडचण येगळी हाय. फाट्याच्या तुकड्यावर आबांचं स्मारक भवन उभं राहायलंय. बंदी मुक्ती भवन. मुंबईची संस्था बांधून द्यायलीय. त्यांचं म्हणणं, सातबाऱ्यावर कसली भानगड नको. मी जामीन राहिलो की खटला संपेपर्यंत माझा हिस्सा अडकला. भाऊ राहिले की त्यांचा अडकला. मग भवन कुठं बांधायचं, हवेत?”

“म्हणजे जामीनदारांच्या चळवळीचं भवन बांधायचं म्हणून घरात कुणी जामीन राहायचं न्हाई.”

“आसं तिरकं बोलू नको. भवनात जामीनदार कक्ष हाय. पंखा, कूलर, सगळं.”

नागेशरावांच्या खिशातला फोन वाजला आणि ते घाईने निघाले. सेलूची गाडी फाट्यावर आली होती. आपल्या बहिणीला एसटीतून उतरवून घ्यायला ते आयुष्यात पहिल्यांदा चालले होते.

सरजाबाई सेलूला कापसाच्या मार्केटजवळ खानावळ चालवते. हमाल, अडते, जिनिंगचे कामगार तिच्याकडे जेवतात आणि तिला भितात. नवरा लवकर गेला, तिने पोरे वाढवली, लग्ने केली, आणि बोरीकडून तिला दर सणाला एक फोन येत गेला. या महिन्यात मात्र रोज फोन येत होता. नागेशरावांनी तिची पिशवी स्वतः उचलली तेव्हाच ती म्हणाली, “काय रे नाग्या, तब्येत बरी हाय ना तुझी?”

तिला माहीत होते. फाट्याच्या सातबाऱ्यावर चार नावे होती: रंगनाथ, नागेश, सुगत आणि सरजाबाई. भवनासाठी तिने हक्कसोड द्यायची होती, म्हणजे आपला वाटा लिहून सोडायचा होता. उद्या जिंतूरला, रजिस्ट्रारकडे. ती द्यायला तयारही होती. पिशवीत आधार कार्ड होते, दोन फोटो होते. भाऊ आहेत, माहेर आहे, या वयात कुठे तकरार करायची, असा तिने हिशेब केला होता. शिवाय सुगतबद्दल तिला फार ममत्व होते अशातला भाग नव्हता. आबा गेल्यावरच्या जलदान विधीच्या दिवशी तिने भांड्यांवरून काही बोलल्यावर तो सगळ्यांदेखत म्हणाला होता, “आत्या, तू पाहुणी हाईस, पाहुण्यासारखी रहा.” त्या दिवशी ती न जेवता सेलूला परत गेली होती.

मांडवात तिला खुर्ची दिली, पण खुर्चीवर बसून राहणे तिला जमत नाही. ती मागे चुलवणाकडे गेली. सुगतची बायको पिंकी तिथे खिरीच्या पातेल्यात उलथणे फिरवत होती.

“दूध लागायलंय खाली,” सरजाबाई म्हणाली. “सर तिकडं.”

“आत्याबाई, तुमी पाहुण्या. बसा.”

सरजाबाईने तिच्याकडे रोखून पाहिले. टोमणा आहे की आदर, हे पिंकीच्या चेहऱ्यावरून कळेना. तिने उलथणे हिसकावून घेतले.

“नवरा कसा हाय?”

“मुलाखतीला गेले होते बुधवारी. वाळलाय. मला म्हणला, मोठ्या बाबांना सांग, मोटारी माझ्या न्हाईत. मी म्हणलं, त्यांना म्हाईत हाय. तर म्हणला, मग कामून येईनात?”

“मग तू काय म्हणलीस?”

“म्हणलं, परिषद हाय. कामात हायेत.”

सरजाबाईला हसू आले आणि तिने ते खिरीत पाहून आवरले.

“समितीनं एवढ्या लोकांना सोडवलं,” पिंकी म्हणाली, “मी सगळ्यांना डबे करून दिले. त्या मानवतच्या माणसाला मोठ्या बाबांनी सोडवला, त्याचं नावसुद्धा त्यांना धड येत न्हाई. आन् मी रोज त्यांच्या डोळ्यासमोर भाकरी थापायले तर त्यांना मी दिसंना. आत्याबाई, मला तर आता वाटायलंय, लगीन मोडून त्याला परका करावा. मग तरी कुणी राहील जामीन.”

“वंगाळ बोलू नको.”

“वंगाळ कुठं? ठराव हाय तसा.”

“कसला ठराव?”

पिंकीने सांगितला. सरजाबाईने खीर ढवळणे थांबवले. “पुन्ना सांग,” ती म्हणाली. पिंकीने पुन्हा सांगितला. खीर लागली ती तेव्हा.

कार्यक्रम अकराचा होता, साडेबाराला सुरू झाला. भन्तेजींनी त्रिसरण पंचशील दिले, थोडक्यात बोलले आणि पुढच्या गावाला गेले. मग गुरुजी उठले. घरात ते बोरीची बोली बोलतात. माईक हातात आला की त्यांची भाषा धुतलेल्या धोतरासारखी होते.

“बंधूंनो आणि भगिनींनो, ज्या काळात तुरुंग भरणे हे आंदोलन होते, त्या काळात माझ्या पित्याने तुरुंग भरला. आज तुरुंग रिकामे करणे हे आंदोलन आहे. ही जबाबदारी आम्ही, त्यांचे वारस, शिरावर घेत आहोत. कच्चा कैदी म्हणजे कोण? तो आपलाच भाऊ आहे, आपलाच पुत्र आहे…” इथे त्यांची नजर खिरीच्या पातेल्याकडे गेली आणि त्यांनी चष्मा पुसला. “व्यापक अर्थाने.”

पुढे ते हिंदू कोड बिलावर आले. दर चौदा एप्रिलला ते त्यावर बोलत आणि कोणत्याही विषयातून तिथे पोचायचा रस्ता त्यांना ठाऊक होता. लेकीचा वाटा, बहिणीचा सन्मान, या देशातील स्त्रीला बाबासाहेबांनी दिलेला हक्क. हे सांगून झाल्यावर त्यांनी सरजाबाईला व्यासपीठावर बोलावले आणि माहेरची साडी देऊन सत्कार केला. साडी चांगली होती. सरजाबाईने पदराचे टोक बोटांत धरून पोत तपासले आणि खाली बसली. उद्या ज्या सहीने हा वाटा सुटणार होता, तिचा मसुदा तेव्हा गुरुजींच्या सदऱ्याच्या खिशात होता.

“आता पीडित कुटुंबाच्या वतीने दोन शब्द,” नागेशरावांनी पुकारले. यादीत मानवतच्या माणसाची आई होती, पण तिची एसटी चुकली होती. खुर्ची रिकामी दिसू नये म्हणून कुणीतरी पिंकीला पुढे ढकलले. पदराला हात पुसत ती माईकपाशी गेली.

“मी जास्ती बोलत न्हाई,” ती म्हणाली. “माझा नवरा परका असता तर आज घरी असता.”

टाळ्या पडल्या. लोकांना वाटले, हे भाषणाचे वाक्य आहे. मागच्या रांगेतल्या एका वार्ताहराने ते लिहूनही घेतले. धम्मशीलाने तेवढी मान खाली घातली, आणि सरजाबाईने टाळी वाजवली नाही.

जेवणे झाल्यावर मांडवातली माणसे पांगली आणि धबाले गुरुजींच्या ओसरीवर बसले. गुरुजी, नागेशराव, सरजाबाई आणि धम्मशीला. पिंकी सुपारी घेऊन आली आणि दारात उभी राहिली. तिला कुणी बस म्हटले नाही, जा असेही म्हटले नाही.

“तर उद्या,” नागेशरावांनी सुरुवात केली, “साडेनवाला जीप येईल. जिंतूरला सही झाली की हाटेलात जेवू. आक्का, तू संध्याकाळी सेलूला.”

“कशाची सही?” सरजाबाईने विचारले.

दोघे भाऊ एकमेकांकडे पाहू लागले. फोनवर हे सगळे बोलून झाले होते.

“आगं, हक्कसोडची. बोललो न्हाई का?”

“बोललास. फोनवर ऐकू येत न्हाई मला नीट. आता समोर हाव तर सांगा. मी कामून सोडायचा हक्क?”

गुरुजी पुढे सरकले. “सरजे, बघ. कायद्यानं तुझा हिस्सा हाय. मी न्हाई म्हणणारा कोण? पण रीत म्हणून एक असती. तू दिल्या घरची.”

“म्हणजे?”

“म्हणजे तुझं घर सेलूला. तू आता धबाले न्हाईस, भराडे हाईस.”

“मी धबाले न्हाई.”

“न्हाईस ना. तुझी पोरं भराडे, तुझं मतदान सेलूला…”

“नाग्या, तुझं काय म्हणणं?”

“आक्का, मनानं तू आमचीच. पण घर म्हणशील तर येगळं झालं. लगीन झाल्यावर लेक परक्या घरची व्हती, ह्यात वाईट वाटून घ्यायसारखं काय?”

“न्हाई वाटत वाईट. पक्कं करून घ्यायले. मी परकी.”

“आता परकी म्हणजे…”

“हाव का न्हाई?”

“रीतीनं, हाव,” गुरुजी म्हणाले. त्यांना वाटले, झाले.

सरजाबाईने सुपारी तोंडात टाकली. “शीले, तुझ्या समितीचा चौथा ठराव काय हाय गं?”

धम्मशीलाने मान वर केली. कोर्टात साक्षीदार अचानक भलतेच, पण आपल्या फायद्याचे बोलू लागला की वकिलाच्या चेहऱ्यावर जे येते ते तिच्या चेहऱ्यावर आले. “आप्तानं आप्ताला जामीन राहायचं न्हाई. परक्यानंच राहायचं.”

“मग बरं झालं. सुगतला मी राहते. माझं नाव हाय ना सातबाऱ्यावर?”

“हाय.”

“आधार कार्ड, फोटो लागत्यात?”

“लागतात.”

“आणलेत मी,” सरजाबाई म्हणाली. “त्या दुसऱ्या सहीसाठी आणले होते. चालतील ना?”

पिंकी दाराची चौकट धरून उभी होती. तिने हात काढला नाही.

सर्वात आधी नागेशरावांच्या डोक्यात उजेड पडला. “आक्का, थांब! जामीन राहिलीस की खटला संपेपर्यंत तुला हिस्सा सोडता येणार न्हाई. शपथपत्र द्यावं लागतं.”

“मग खटला संपल्यावर सोडीन. किती दिस चालंल शीले?”

“मोटारींची केस हाय आत्या. वीस मोटारी, वीस मालक, वीस साक्षीदार. तुझी नातवंडं कॉलेजात जातील.”

“आणि भवन?” नागेशराव ओरडले.

“आगं, पण तू त्याची आत्या हाईस!” गुरुजींचा आवाज माईकवरचा झाला. “सख्खी आत्या! आमची सख्खी बहीण! तू परकी कशी होशील? ठराव तुलाही लागू पडतो!”

“मी सख्खी हाय?”

“म्हणजे काय! एका आईच्या पोटचे आपण!”

“धबाले हाव मी?”

“जल्मानं धबालेच की!”

“मग माझा वाटा मी कामून सोडू?”

नागेशराव बोटांवर काहीतरी जुळवत होते. बहीण धरली तर हिस्सा राहतो. परकी धरली तर जामीन होतो आणि तरीही हिस्सा राहतो. त्यांनी ते तीनदा करून पाहिले. कोषागारात एवढ्या वर्षांत त्यांना दोन्ही बाजूंनी नाकारणारी फाइल भेटली नव्हती. अशा फाइली ते स्वतः तयार करत असत.

“सरजे,” गुरुजी शेवटी हळू म्हणाले, “त्या पोरानं तुझा आपमान केला होता. आबांच्या कार्यात. तू जेवली नव्हतीस.”

“ध्येनात हाय माझ्या.”

“तरी?”

“त्यो एकदा म्हणला, पाहुणी. तुमी आज तीनदा म्हणलात परकी.” ती उठली आणि पिंकीकडे वळली. “त्या खिरीचं पातेलं घास आता. माझ्याच्यानं लागली. आन् सकाळी साडेनवाला तयार रहा. जीप सांगितलेलीच हाय.”

रात्री गुरुजींच्या घरात दोन फोन झाले, एक मुंबईला आणि एक वकिलाला. दोन्हींतून काही निघाले नाही.

सोमवारी जीपमध्ये दोन्ही भाऊही बसले. नागेशरावांना आशा होती की बोरी ते जिंतूर या रस्त्यात आक्काचे मन वळेल. गुरुजी कशासाठी बसले हे त्यांनाही सांगता आले नसते. रस्ताभर सरजाबाई सोयाबीनची गंजी कुणाची, यावर्षी कापूस कसा आहे, असे विचारत राहिली.

कोर्टात सुट्टीआधीची गर्दी होती. सुगतचे प्रकरण पुकारले तेव्हा दुपार कलली होती. सरजाबाई कालची साडी नेसून उभी राहिली. न्यायाधीशांनी कागद चाळले. मग प्रत्येक जामीनदाराला विचारतात तो प्रश्न मान वर न करता विचारला.

“आरोपी तुमचा कोण लागतो?”

रात्री धम्मशीलाने सगळे तपासले होते, हे सोडून. परका म्हटले तर शपथेवर खोटे. आत्या म्हटले तर ठराव मोडला, आणि काल ओसरीवर बांधलेले सगळे सुटले.

सरजाबाईने मागे वळून दाराकडे पाहिले. दोघे भाऊ चपला हातात घेऊन उभे होते, कारण पट्टेवाल्याने दारात चपला काढून ठेवू नका म्हटले होते आणि आत यायला ते तयार नव्हते.

“ते ह्यांना विचारा साहेब,” ती म्हणाली.

न्यायाधीशांनी आता मान वर केली. “हे कोण?”

“कालपस्तोर म्हाईत होतं मला.”

कोर्टात थोडी खसखस पिकली. न्यायाधीश हसले नाहीत. “पुढे या. तुम्ही कोण? यांचे कोण? आरोपीचे कोण?”

गुरुजी पुढे आले. पस्तीस वर्षे त्यांनी वर्गात मुलांना उभे करून प्रश्न विचारले होते. चष्मा पुसायला त्यांनी हात वर नेला, पण हातात चपला होत्या.

“मी रंगनाथ सटवाजी धबाले,” ते म्हणाले. “ही माझी बहीण. सख्खी. आरोपी… सुगत आमच्या सिद्धोधनचा मुलगा. आमच्या घरातला पोरगा आहे, साहेब.”

“मग तुम्ही का नाही उभे राहिलात जामीन?”

याचे उत्तर गुरुजींकडे होते. त्यात करुणेचे लोकशाहीकरण होते, सर्वसाधारण सभा होती, कूलरसकट भवन होते. त्यांनी चपला काखेत धरल्या आणि चष्मा पुसला.

“लिहा,” न्यायाधीश लिपिकाला म्हणाले, “जामीनदार आरोपीची आत्या.”

संध्याकाळी बोरीत जीप शिरायच्या आत बातमी शिरली होती. गुरुजींच्या घरी पहिला माणूस सटवाजीआबांच्या वयाचा, शेजारच्या गल्लीतला सिताराम आला. त्याचा जावई वर्षभर आत होता आणि चौथ्या ठरावामुळे तो जेवढा मान खाली घालून बसला होता, तेवढाच आता ताठ उभा राहिला. “गुरुजी, सुगतच्या आत्यानं राहून दाखवलं म्हणं. मग मी माझ्या जावयाला राहू का?” त्याच्यामागे आणखी दोघे उभे होते. गुरुजींनी सर्वसाधारण सभेचा विषय काढला नाही. ते म्हणाले, “राहा.” दिवाळीनंतर समितीने जो अहवाल काढला, त्यात हा ‘कुटुंबाधारित जामीन’ नावाचा उपक्रम अध्यक्षांच्या संकल्पनेतून सुरू झाल्याची नोंद आहे. भवनाची संस्था दुसऱ्या तालुक्यात जागा बघायला लागली.

सुगत मंगळवारी सकाळी परभणीला जेलच्या दारातून बाहेर आला. हातात प्लॅस्टिकची पिशवी होती, दाढी वाढली होती. त्याने आधी पिंकीला पाहिले, मग धम्मशीलाला, मग इकडेतिकडे मोठ्या बाबांना शोधले. ते आले नव्हते. झाडाखाली सरजाबाई उभी होती. तिला सेलूची गाडी गाठायची होती आणि ती घड्याळाकडे बघत होती.

सुगत तिच्यासमोर आला. पाया पडावे की काय करावे, हे त्याला कळेना.

“आत्या, तू कशी काय इथं?”

“पाहुणी हाय मी,” सरजाबाई म्हणाली. “पाहुण्यासारखी आले. आता चहा पाज.”